हकालपट्टीनंतर त्याच मैदानावर : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील सहायक प्रशिक्षकाची वाटचाल

नवी दिल्ली : अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने १४ सप्टेंबर २०२५ रोजी फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक ब्रेंट प्राय यांना पदावरून दूर केले. हंगामातील पहिले तिन्ही सामने संघाने गमावले होते. पुढे याच संघाची सूत्रे जेम्स फ्रँकलिन यांच्याकडे आली आणि वर्ष संपण्यापूर्वीच त्यांनी बचाव समन्वयक म्हणून प्राय यांचीच निवड केली. ज्या संस्थेने काढून टाकले, तिच्याच मैदानावर एक पायरी खाली उतरून उभे राहण्याचा हा प्रसंग क्रीडाक्षेत्रात विरळा आहे.

वरवर पाहता ही मैत्रीची किंवा नम्रतेची कथा वाटते. तीत दोन्हीचा अंश आहेही. तथापि या नियुक्तीचे खरे महत्त्व अन्यत्र आहे. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षकाची कारकीर्द कशावर उभी राहते आणि कशामुळे कोसळते, हे प्राय यांच्या तीन दशकांच्या प्रवासातून स्पष्ट दिसते. या व्यवसायात पद, वेतन आणि पत्ता हे सारे तात्पुरते असते. टिकून राहते ती केवळ कोणाच्या तरी मनात बसलेली विश्वासार्हता. ही व्यवस्था गुणी माणसाला दुसरी संधी देते, हे तिचे बळ आहे. ज्याची ओळख नाही त्याला ती पहिली संधीही देत नाही, हा तिचा दोष आहे. या खेळातील पैशाची वाट बदलत असताना या दोन्ही बाजूंचा विचार आवश्यक ठरतो.

पडद्यामागचा सूत्रधार

भारतीय वाचकाला फुटबॉल म्हटले की पायाने खेळला जाणारा खेळ आठवतो. अमेरिकी फुटबॉल हा वेगळा खेळ आहे. प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानात असतात; मात्र आक्रमण करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे सामान्यतः निरनिराळे असतात. आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि बचाव करणाऱ्यांना ते हाणून पाडायचे असतात. प्रत्येक प्रयत्नापूर्वी काही सेकंदांचा अवकाश असतो. तेवढ्यात कोणी पुढे धाव घ्यायची, कोणी मागे थांबायचे, कोणी कोणाला अडवायचे याची संपूर्ण आखणी ठरते. ही आखणी करणारा माणूस म्हणजे बचाव समन्वयक.

त्याच्या हाताखाली आघाडीच्या फळीचे, लाइनबॅकरांचे आणि मागच्या फळीचे स्वतंत्र प्रशिक्षक असतात. आठवडाभर प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची चित्रफीत पाहणे, त्याच्या सवयी टिपणे, सराव घेणे आणि उरलेल्या वेळात राज्याराज्यांतील शाळांत जाऊन होतकरू मुलांना आपल्या विद्यापीठाकडे वळवणे, असा या मंडळींचा दिनक्रम असतो. २०२४ च्या हंगामापासून सर्वोच्च विभागात एका खेळाडूच्या शिरस्त्राणात ध्वनियंत्र बसवण्यास परवानगी मिळाली. प्रयत्न सुरू करण्याच्या मुदतीचे पंधरा सेकंद उरले की हा संवाद आपोआप बंद होतो. तोपर्यंत समन्वयकाचा शब्द थेट मैदानात पोहोचतो. पूर्वी हेच काम हातवारे आणि चित्रफलक यांनी चालत असे.

जिंकल्यानंतर कॅमेरे मुख्य प्रशिक्षकाकडे वळतात. हरल्यानंतर मात्र सर्वप्रथम समन्वयकाचे नाव चर्चेत येते. मुख्य प्रशिक्षक स्वतः संकटात आला की तो बहुधा आधी समन्वयक बदलतो. प्राय यांनीही २०२४ च्या हंगामानंतर आपल्या बचाव समन्वयकाला निरोप दिला होता. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत त्यांचे स्वतःचे पद गेले.

विंचवाचे बिऱ्हाड

प्राय यांचा जन्म १९७० चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातील. वडील जिम प्राय हेही प्रशिक्षक होते. बफेलो विद्यापीठाकडून खेळताना दुखापतीमुळे ब्रेंट यांचे खेळणे थांबले आणि ते लहान वयातच प्रशिक्षणाकडे वळले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ते पेनसिल्व्हेनियातील ईस्ट स्ट्राउड्सबर्ग या लहान विद्यापीठात सहायक होते. त्यांचे वडील तेथे आक्रमणाची बाजू सांभाळत आणि संघाचा क्वार्टरबॅक होता जेम्स फ्रँकलिन. तीस वर्षांनंतर जी नियुक्ती झाली, तिचे मूळ या छोट्या मैदानावर आहे.

१९९५ ते १९९७ या काळात प्राय व्हर्जिनिया टेकमध्ये पदव्युत्तर सहायक होते. हे या व्यवसायातील सर्वांत खालचे पद. पदव्युत्तर शिक्षणाचे शुल्क आणि तुटपुंजे मानधन यांच्या बदल्यात अहोरात्र काम करून घेण्याची ही पद्धत आहे. आपल्याकडच्या जुन्या गायनशाळेत शिष्य गुरुगृही राहून पाणी भरत असे आणि त्यातच विद्या मिळवत असे, त्याच्याशी तिचे काहीसे साम्य आहे. प्राय यांना गुरू मिळाले ते बड फॉस्टर. त्यांची बचावपद्धती पुढे प्राय यांच्या कामाचा पाया ठरली.

त्यानंतरचा प्रवास म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. वेस्टर्न कॅरोलायना येथे चार वर्षे, लुईझियाना-लाफयेत येथे पाच, मेम्फिस येथे तीन आणि जॉर्जिया सदर्न येथे एक वर्ष. लाफयेत येथे ज्यांनी त्यांना नेले ते रिकी बसल हे पूर्वी व्हर्जिनिया टेकमध्येच सहायक होते. म्हणजे तेथेही जुनी ओळख कामी आली. यांतील एकही ठिकाण राष्ट्रीय प्रकाशझोतात नव्हते. वयाच्या चाळिशीपर्यंत प्राय हे नाव देशपातळीवरील क्रीडाप्रेमींना फारसे ठाऊक नव्हते.

२०११ मध्ये फ्रँकलिन व्हँडरबिल्टचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी प्राय यांना लाइनबॅकरांची जबाबदारी दिली. अभ्यासासाठी नावाजलेल्या आणि फुटबॉलमध्ये मागे पडलेल्या या विद्यापीठाने २०१२ आणि २०१३ अशा लागोपाठ दोन हंगामांत प्रत्येकी नऊ सामने जिंकले. २०१४ मध्ये फ्रँकलिन पेन स्टेटला गेले; प्राय त्यांच्यासोबत गेले. २०१६ मध्ये ते तेथील बचाव समन्वयक झाले आणि त्याच वर्षी संघाने बिग टेन या मातब्बर परिषदेचे विजेतेपद पटकावले. पुढे राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये दबदबा निर्माण करणारा मायका पार्सन्स हा त्यांच्याच हाताखाली लाइनबॅकर म्हणून घडला. शाळेत तो वेगळ्या जागी खेळत असे.

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस व्हर्जिनिया टेकने प्राय यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून निवड जाहीर केली. जेथे शिकाऊ म्हणून उमेदवारी केली, तेथेच प्रमुख म्हणून परतणे ही कोणत्याही सहायकाची स्वप्नपूर्ती मानली जाते.

स्वप्नाची किंमत

ही स्वप्नपूर्ती चार वर्षेही टिकली नाही. २०२२ मध्ये तीन विजय, आठ पराभव. २०२३ मध्ये सात विजय, सहा पराभव आणि मिलिटरी बाउलमध्ये तुलेन संघावर मात. २०२४ मध्ये सहा विजय, सात पराभव. २०२५ मध्ये साउथ कॅरोलायना, व्हँडरबिल्ट आणि ओल्ड डोमिनियन यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव. यांपैकी शेवटचे दोन घरच्या मैदानावर. ओल्ड डोमिनियन हे त्याच राज्यातील, तुलनेने दुय्यम परिषदेतील विद्यापीठ. त्या संघाने ब्लॅक्सबर्ग येथे ४५-२६ असा विजय मिळवल्यानंतर दुसऱ्याच दिवशी निर्णय झाला. एकूण हिशेब १६ विजय आणि २४ पराभवांचा राहिला. करार मध्येच मोडल्याबद्दल विद्यापीठाला प्राय यांना सुमारे ६० लाख डॉलर देणे लागत होते.

उत्तम समन्वयक हा उत्तम मुख्य प्रशिक्षक होतोच असे नाही, हा धडा या खेळात पुनःपुन्हा मिळतो. समन्वयकाचे काम चित्रफीत, फळा आणि सराव यांच्या आवारातले आहे. मुख्य प्रशिक्षकाला देणगीदार सांभाळावे लागतात, प्रशासनाकडून निधी मिळवावा लागतो, शंभराहून अधिक तरुणांचे मनोबल राखावे लागते आणि अटीतटीच्या सामन्यात वेळेचा हिशेब ठेवावा लागतो. थोड्या गुणांच्या फरकाचे सामने वारंवार हातचे जाणे ही प्राय यांच्या कारकिर्दीची दुखरी नस ठरली. बचावातील नैपुण्य त्यावर उतारा ठरू शकले नाही.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. प्राय यांना दूर केल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी विद्यापीठाच्या नियामक मंडळाने क्रीडा विभागासाठी चार वर्षांत २२ कोटी ९० लाख डॉलरांची जादा गुंतवणूक मंजूर केली. आपण प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत कमी खर्च करीत होतो, याचीच ही कबुली होती. हे आर्थिक बळ प्राय यांच्या वाट्याला मुख्य प्रशिक्षक असताना आले नाही. ते आता त्यांच्या वरिष्ठाच्या हाती आहे.

फॉस्टर यांचा मार्ग

प्राय यांच्या गुरूंनी वेगळी वाट चोखाळली होती. फ्रँक बीमर १९८७ मध्ये मरे स्टेट विद्यापीठातून व्हर्जिनिया टेकला आले, तेव्हा तरुण बड फॉस्टर त्यांच्यासोबत आले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी बचावाची सूत्रे घेतली आणि २०१९ चा हंगाम संपेपर्यंत ती सोडली नाहीत. मायकल व्हिक यांच्या संघाने जानेवारी २००० मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना खेळला, तेव्हा बचाव फॉस्टर यांचाच होता. देशातील सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला १९९६ पासून दिला जाणारा ब्रॉइल्स पुरस्कार त्यांना २००६ मध्ये मिळाला.

फॉस्टर यांच्या बचावाचे चिन्ह होते कामगाराचा जेवणाचा डबा. पत्र्याचा जुना, घासलेला डबा सामन्याला नेला जाई आणि तो वागवण्याचा मान मेहनती खेळाडूला मिळे. खाणी आणि कारखाने यांच्या परिसरातल्या त्या समाजाला हे प्रतीक आपले वाटले. बीमर २०१५ च्या हंगामानंतर निवृत्त झाले, तेव्हा मुख्य प्रशिक्षकपद बाहेरून आलेल्या जस्टिन फ्युएंटे यांच्याकडे गेले. फॉस्टर यांनी नव्या प्रमुखाच्या हाताखाली आणखी चार हंगाम काम केले. मुख्य प्रशिक्षक न होताही कारकीर्द पूर्णत्वास जाऊ शकते, याचे ते उदाहरण ठरले.

आयोवा विद्यापीठात फिल पार्कर यांचेही असेच आहे. कर्क फेरेन्ट्झ यांच्यासोबत ते १९९९ मध्ये तेथे आले, २०१२ पासून बचाव समन्वयक आहेत आणि २०२३ मध्ये ब्रॉइल्स पुरस्काराचे मानकरी ठरले. फॉस्टर आणि पार्कर यांच्या स्थैर्यामागे एक समान कारण आहे. बीमर एकोणतीस हंगाम आपल्या जागी राहिले आणि फेरेन्ट्झ यांनी तर चौथाई शतक ओलांडले. सहायकाचे स्थैर्य हे मूलतः प्रमुखाच्या स्थैर्याची सावली असते. असे दीर्घायुषी प्रमुख आता दुर्मीळ झाले आहेत. फॉस्टर यांचा मार्ग नव्या पिढीला खुला राहिला नाही तो यामुळे.

वेतनाचा चढता आलेख

सहायकाच्या वेतनाचा इतिहास अमेरिकी महाविद्यालयीन खेळाचे अर्थकारण उलगडून दाखवतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने खर्च आटोक्यात आणण्यासाठी फुटबॉल वगळता इतर खेळांतील काही कनिष्ठ प्रशिक्षकांच्या वार्षिक मिळकतीवर १६ हजार डॉलरांची मर्यादा घातली. प्रशिक्षकांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. स्पर्धक संस्थांनी संगनमताने वेतन गोठवणे हे मक्तेदारीविरोधी कायद्याचे उल्लंघन आहे, असा निकाल लागला आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. पुढल्या वर्षी संघटनेने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

या निकालाचा परिणाम दूरगामी झाला. प्रशिक्षकांच्या वेतनाला वरची मर्यादा घालणे अशक्य झाले. खेळाडूंना वेतन देणे मात्र निषिद्धच राहिले. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणारा पैसा वाढत गेला, तसा तो ज्यांना कायदेशीरपणे देता येत होता त्यांच्याकडे वाहू लागला. त्यांत मुख्य प्रशिक्षक पहिले आणि समन्वयक दुसरे. ओहायो स्टेटला जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे बचाव समन्वयक जिम नोल्स त्याच महिन्यात पेन स्टेटला गेले. त्यांचे वार्षिक वेतन ३० लाख डॉलरांच्या वर असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या.

नोल्स यांची पुढची कथा या व्यवसायातील अनिश्चितता ठळक करते. त्यांना बोलावणारे फ्रँकलिन पेन स्टेटमध्ये बाराव्या हंगामात होते. आदल्या वर्षी संघ राष्ट्रीय बादफेरीच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचला होता. तरीही २०२५ मध्ये तीन सामने लागोपाठ गमावताच १२ ऑक्टोबर रोजी फ्रँकलिन यांना दूर करण्यात आले आणि हंगाम संपताच नोल्स यांनाही नवा पत्ता शोधावा लागला. सुक्याबरोबर ओले जळते, ही म्हण सहायकांच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते. देशातील सर्वांत महागड्या सहायकांपैकी एकाचे स्थैर्यही अर्ध्या हंगामापुरते होते.

फ्रँकलिन यांना करारानुसार सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर देणे होते. नोव्हेंबरमध्ये ते व्हर्जिनिया टेकला गेल्यानंतर ही रक्कम तडजोडीने ९० लाखांवर आली. सहायकांच्या करारांची मुदत मात्र सामान्यतः एक ते तीन वर्षांची असते. प्रमुखाला हकालपट्टीत संपत्ती मिळते, सहायकाला सामानाची बांधाबांध करावी लागते. त्यांच्यासोबत मुलांच्या शाळा आणि जोडीदारांच्या नोकऱ्याही विस्कटतात. पन्नास वर्षांचा कनिष्ठ प्रशिक्षक तीस वर्षांत आठ-नऊ गावे फिरलेला असतो, ही या व्यवसायातील सामान्य बाब आहे.

खेळाडूला वेतन, प्रशिक्षकासमोर प्रश्न

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाउस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली आणि चित्र पालटले. माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलरांची भरपाई मिळणार आहे. शिवाय १ जुलै २०२५ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत थेट रक्कम वाटता येते. प्रशिक्षकांनी न्यायालयात मिळवलेला हक्क खेळाडूंपर्यंत पोहोचण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला.

यामुळे सहायक प्रशिक्षकाचे वेतन आता खेळाडूंच्या मोबदल्याशी स्पर्धा करते. दहा लाख डॉलरमध्ये एक अनुभवी प्रशिक्षक आणावा की दोन-तीन तयार बचावपटू, हा हिशेब क्रीडा संचालकांना मांडावा लागतो. त्यातच खेळाडूंना विद्यापीठ बदलण्याची जवळजवळ पूर्ण मोकळीक मिळाली आहे. पूर्वी प्रशिक्षक अठरा वर्षांच्या मुलाला निवडून चार वर्षे घडवत असे. आता घडवलेला खेळाडू दुसऱ्या वर्षी अधिक पैसे देणाऱ्या संघाकडे जाऊ शकतो. फॉस्टर यांच्या डब्यामागची कल्पना दीर्घ सहवासावर उभी होती. तो सहवासच आता हंगामापुरता उरला आहे.

जून २०२४ मध्ये नियमांत आणखी एक बदल झाला. तोपर्यंत मुख्य प्रशिक्षकाव्यतिरिक्त दहाच सहायकांना मैदानावर प्रत्यक्ष शिकवता येत असे. ही मर्यादा हटवण्यात आली. श्रीमंत विद्यापीठांनी विश्लेषक म्हणून ठेवलेली माणसे आता उघडपणे प्रशिक्षण देऊ शकतात. त्यामुळे तरुणांसाठी प्रवेशद्वार रुंदावले, हे खरे. परंतु त्याबरोबर मोठ्या संघांची फौज वाढली आणि लहान विद्यापीठांतील होतकरू सहायक लवकर पळवले जाऊ लागले.

वर्तुळाच्या आत आणि बाहेर

प्राय यांच्या प्रवासातील जवळपास प्रत्येक वळणावर कोणीतरी ओळखीचा माणूस उभा आहे. वडील, फॉस्टर, बसल, फ्रँकलिन. याला वशिला म्हणणे अन्यायाचे ठरेल; त्यांनी प्रत्येक ठिकाणी काम करून दाखवले आहे. समान भाषा बोलणारा, समान पद्धती जाणणारा माणूस प्रमुखाला हवा असतो, यातही गैर काही नाही. फ्रँकलिन यांच्यासमोर तर व्यावहारिक कारणही होते. या संघातील खेळाडू, परिसरातील शाळा आणि प्रशासनाच्या खाचाखोचा प्राय यांच्याइतक्या क्वचितच कोणाला ठाऊक असतील.

परंतु नेमणुका ओळखींच्या साखळीतून होत असतील, तर साखळीबाहेरच्यांचे काय, हा प्रश्न उरतो. महाविद्यालयीन फुटबॉलच्या खेळाडूंमध्ये कृष्णवर्णीयांचा वाटा मोठा आहे. तरीही मातब्बर साउथईस्टर्न परिषदेत पहिला कृष्णवर्णीय मुख्य फुटबॉल प्रशिक्षक मैदानात उतरायला २००४ साल उजाडले. ते होते मिसिसिपी स्टेटचे सिल्व्हेस्टर क्रूम. चार्ली स्ट्राँग यांचे उदाहरण बचाव समन्वयकांच्या संदर्भात अधिक बोलके आहे. फ्लोरिडाने २००६ आणि २००८ च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा बचावाची धुरा त्यांच्याकडे होती. तरीही मुख्य प्रशिक्षकपद त्यांना मिळाले ते डिसेंबर २००९ मध्ये, लुईव्हिल येथे. तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. पुढे टेक्सास विद्यापीठाने त्यांना तीन हंगामांनंतर निरोप दिला आणि कालांतराने तेही पुन्हा सहायकपदी परतले.

स्वतः फ्रँकलिन हे कृष्णवर्णीय आहेत. व्हँडरबिल्ट आणि पेन स्टेट या दोन्ही ठिकाणी या खेळात मुख्य प्रशिक्षकपदी पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय होते. म्हणजे वर्तुळ अभेद्य नाही. परंतु ते रुंदावते अत्यंत सावकाश. एखाद्या प्रमुखाने कोणाला हाताशी धरले, यावर पुढील वीस वर्षांच्या नेमणुका ठरत असल्याने आज पदव्युत्तर सहायक म्हणून कोणाची निवड होते, याला मोठे महत्त्व आहे. दोन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढण्याची ऐपत ज्याच्या घरात आहे, त्यालाच ही पायरी परवडते, हेही विसरता येत नाही.

पैसा कोणाचा

व्हर्जिनिया टेक हे सार्वजनिक विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीसाठी ते भारतीय विद्यार्थ्यांनाही परिचित आहे. २०२४-२५ या वर्षात अमेरिकेत ३ लाख ६० हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. तेथील अनेक सार्वजनिक विद्यापीठांत विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा काही भाग क्रीडा विभागाकडे जातो. नागपूर किंवा हैदराबादहून गेलेल्या विद्यार्थ्याने फुटबॉलचा एकही सामना पाहिला नसला, तरी त्याच्या शुल्कपत्रकात या खेळाचा वाटा असू शकतो. प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढण्याचा खर्च, नव्या प्रशिक्षकाचा करार आणि खेळाडूंचा मोबदला हे सारे एकाच विद्यापीठाच्या छताखाली घडते. देणगीदार आणि प्रक्षेपण हक्क यांतून मोठा हिस्सा येतो, असे विद्यापीठे सांगतात आणि ते बहुतांशी खरेही आहे. तथापि अंतिम जबाबदारी संस्थेची असते. म्हणून वारंवार होणाऱ्या हकालपट्ट्यांचा हिशेब क्रीडा पानापुरता मर्यादित राहत नाही.

येत्या हंगामाची कसोटी

येत्या हंगामात ब्लॅक्सबर्ग येथील सुमारे ६५ हजार आसनांच्या लेन स्टेडियमवर प्राय पुन्हा उभे राहतील. मागील वर्षी याच गर्दीने त्यांच्या संघाची हुर्यो उडवली होती. आता निधी अधिक आहे, प्रमुख अनुभवी आहे आणि प्राय यांच्याकडे जे काम आले आहे, ते त्यांचे सर्वाधिक परिचयाचे आहे. बचाव सुधारला तर त्यांना मुख्य प्रशिक्षकपदी बढती देण्यात संस्थेने घाई केली होती की दूर करण्यात, याची चर्चा होईल. बचाव फसला तर ओळखीच्या माणसावर विसंबल्याचा ठपका फ्रँकलिन यांच्यावर येईल. दोन्ही शक्यतांत सहायकाचे भवितव्य त्याच्या एकट्याच्या हाती नसेल.

या नियुक्तीचे मोल केवळ गुणफलकावर मोजणे पुरेसे होणार नाही. अपयशी प्रमुखाला त्याच संस्थेत सन्मानाने सहायकाचे काम करता आले, तर मुख्य प्रशिक्षकपद हेच या व्यवसायाचे एकमेव शिखर आहे, ही समजूत थोडी सैल होईल. उत्तम समन्वयकाला समन्वयक म्हणूनच राहू द्यावे, त्याला स्थैर्य द्यावे आणि त्याच्या हाताखाली नव्या, अनोळखी तरुणांना शिकू द्यावे, ही फॉस्टर यांच्या काळातील रीत पैशाच्या रेट्यात मागे पडली. ती पुन्हा रुजवायची असेल, तर विद्यापीठांना प्रमुखांना दिला जाणारा अवधी वाढवावा लागेल आणि कनिष्ठ सहायकांच्या निवडी ओळखीपलीकडे जाऊन, खुल्या पद्धतीने कराव्या लागतील. कोट्यवधी डॉलर उधळण्यापेक्षा हे कमी खर्चाचे आहे. मात्र त्यासाठी लागणारा संयम या खेळात सध्या सर्वांत दुर्मीळ आहे.